अकरावा गडी

२०२४ साली 'मुंज्या' सिनेमा आला आणि मुंजा हे कोकणाचं उत्पादन आहे, हापूससारखं, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. आम्हा परभणीकरांना कुणी विचारलंसुद्धा नाही. वास्तविक या खात्यात आमच्या गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, मान फार जुना. ११व्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. तेच पाणी खाली आमच्या गंगाखेड तालुक्यात येतं. त्यांच्या वाट्याला कोडी घालणारा वेताळ आला, आमच्या वाट्याला मुंजा.

मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो पोरगा पिंपळावर राहतो. आमची मोठी माय त्याच्याबद्दल शेजारच्या घरातल्या नातवासारखं बोलायची. "लई खोडील हाय, पण लेकरूच हाय ते." चपला लपवायच्या, कंदील फुंकायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला खडे मारायचे, एवढाच त्याचा दिनक्रम.

१९९६चा मे. वर्ल्ड कप होऊन दोन महिने झाले होते, गावात जो तो जयसूर्या. शेजारच्या गावाशी मॅच ठरली, एकावन्न रुपयांची, आणि ऐन वेळी आमचा अकरावा गडी मामाच्या गावाला निघून गेला. रात्री लाइट गेल्यावर माळवदावर बैठक भरली. तिथं कॅप्टननं मुंजाचं नाव सुचवलं. त्याचा थ्रो अचूक, उन्हाचा त्रास नाही, शिवाय त्याला मामाच्या गावाला कुणी नेत नाही.

"आपल्यात एकाचंबी जानवं नाही," कुणीतरी शंका काढली. "त्यो आपल्यात खेळंल का?"

विकेटकीपर म्हणाला, आमच्यात जिन असतो, मुंजाचा आमच्याशी संबंध येत नाही. त्याला हे फार निर्धास्त वाटत होतं. म्हणून त्यालाच पुढं घातला.

पिंपळाची पानं लांब देठावर लोंबतात, म्हणून वारा नसल्यासारखा असला तरी ती सळसळतात. हे मला पुढं कॉलेजात कळलं. त्या रात्री आम्ही चौघं खाली उभे होतो आणि झाड आपापसात कुजबुजत होतं. कॅप्टन घसा खाकरून म्हणाला, "ए मुंज्या, उद्या येतूस का खेळायला? बॅटिंग शेवटी मिळंल, आताच सांगतो."

वर फांदी हलली आणि धप्पकन काहीतरी पडलं. बॅटरी मारून बघितलं तर आमचाच बॉल. आठ दिवसांपूर्वी हरवलेला, शिवणीवर निळ्या शाईची रेघ असलेला. वानरांनी नेला असेल, असं मी आता म्हणतो. तेव्हा आम्ही काही म्हणायला थांबलो नाही. सगळ्यांत पुढं विकेटकीपर.

दुसऱ्या दिवशी फाइन लेगची जागा आम्ही त्याला मोकळी सोडली. मे महिन्यात आमची काळी जमीन अशी भेगाळते, की हात कोपरापर्यंत आत जावा. पाचव्या ओव्हरला त्यांच्या ओपनरचा फटका तिकडंच गेला, सुसाट. आणि मधेच थांबला. बॉल भेगेत गपकन बसला होता.

"मुंजानं अडवला!" आम्ही दहाही जण ओरडलो.

भांडण अर्धा तास चाललं. शेवटी त्यांच्या कॅप्टननं मान्य केलं, ठीक हाय, तुमचा अकरावा गडी हाय म्हणा. आम्हाला वाटलं, जिंकलो.

आमची नववी विकेट पडली तेव्हा तीन रन हवे होते. विकेटकीपर एका टोकाला; दुसऱ्या टोकाला, नियमाप्रमाणं, मुंजा. कीपरनं बॉल गलीत ढकलला आणि पळाला. तो पोचला. बॉल दुसऱ्या टोकाला गेला, त्यांच्या पोरानं पळसाच्या काठ्या उडवल्या आणि अंपायरनं बोट वर केलं.

"औट कसा? पोचला व्हता त्यो!"

"मला तर क्रीजमधी कुणी दिसलं नाही," अंपायर म्हणाले.

यावर काय बोलणार? वहीत 'मुंजा, रन आउट, शून्य' अशी नोंद झाली. एकावन्न रुपये गेले.

दिवेलागणीला पिंपळाखालून येत होतो. कॅप्टनच्या पाठीत टप्पकन खडा बसला. तो वळला नाही, नुसता चालण्याचा वेग वाढवला आणि वर न बघता ओरडला, "आमच्यावर काऊन चिडतूस? अंपायर त्यांचा व्हता!"