मागचं रीडिंग

कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीत अध्यक्ष मानापुरता असतो, सेक्रेटरी शिव्या खाण्यापुरता असतो. खजिनदार मात्र जन्मालाच यावा लागतो. बँकेतून नाहीतर लेखा विभागातून निवृत्त झालेला. जवळचा चष्मा कपाळावर, लांबचा गळ्यात. खिशात दोन पेनं : एक लिहिणारं, दुसरं कुणी मागितलं तर द्यायचं. कोथरूडला जा, डोंबिवलीला जा, नाशिकला गंगापूर रोडला जा. गृहस्थ तोच, फक्त पत्ता बदलतो. आमच्याकडे त्यांना खजिनदारकाका म्हणतात.

काका माणसांना फ्लॅट नंबराने ओळखतात. "बी-तीनशेचारची मुलगी पास झाली बरं का," असं ते कौतुकाने सांगतात. आणि कुठलाही आकडा कानावर पडला की त्यांचा प्रश्न ठरलेला : "मागचा किती होता?" डॉक्टर म्हणाले, साखर एकशेचाळीस. काका म्हणाले, मागच्या वेळची सांगा. जावयाने फोनवर पगारवाढीची बातमी दिली, तर अभिनंदनाच्या आधी काकांनी विचारलं, "कितीवरून?" सुटा आकडा त्यांना बेवारस वाटतो.

असा माणूस आयुष्यभर वाया गेला असता. पण एका उन्हाळ्यात टँकरचा खर्च डोईजड झाला आणि सभेने ठराव केला की प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसवायचा. जेवढं पाणी तेवढं बिल. महिनाअखेरीला वॉचमन मजल्यामजल्यावरून आकडे उतरवून आणणार आणि काका ते एक्सेलमध्ये भरणार. तारीख, फ्लॅट, रीडिंग, तीनच रकाने. चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं की झालं बिल. महावितरणच्या वीजबिलावर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून येतात, त्यामुळे यात काही विद्या आहे असं कुणालाच वाटलं नाही.

पहिली बिलं सेक्रेटरींनी हौसेने स्वतःच काढली. प्रत्येक ओळीतून वरची ओळ वजा केली आणि सूत्र खालपर्यंत ओढलं. आता वॉचमन ज्या क्रमाने जिने चढतो त्या क्रमाने ओळी भरलेल्या. म्हणजे बी-304 च्या वर बी-303. निकाल असा लागला की एकट्या राहणाऱ्या आजींनी तलाव भरेल इतकं पाणी वापरलं होतं, आणि सहा माणसांच्या, दोन वॉशिंग मशीनच्या कुटुंबाचा वापर उणे आला होता. सभेत गदारोळ झाला. काका उठले, जवळचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "वरच्या ओळीत शेजारी असतो. आपलं मागचं आपल्याच गटात शोधावं लागतं." त्या क्षणापासून लॅपटॉप त्यांच्याकडे आला तो आलाच.

काकांनी आधी साधा मार्ग धरला. ओळी फ्लॅटप्रमाणे लावायच्या, फ्लॅटच्या आत तारखेप्रमाणे. आणि सूत्राला सांगायचं की वरचा फ्लॅट हाच असेल तर वजाबाकी कर, नसेल तर जागा मोकळी सोड. महिनाभर सुख होतं. मग कमिटीतल्या एका उत्साही सभासदाने 'नुसतं बघायला' म्हणून फाइल उघडली आणि सगळ्या ओळी तारखेप्रमाणे लावून ठेवल्या. कुणाच्याच डोक्यावर त्याचा स्वतःचा फ्लॅट उरला नाही आणि रकाना कोरा झाला. कागदोपत्री अख्ख्या सोसायटीने एका रात्रीत पाणी वापरणं बंद केलं होतं.

मग कुणीतरी व्हीलुकअप सुचवलं. काका हसले. नेमका नंबर शोधायला सांगितलं की ते वरून खाली येतं आणि पहिला सापडला की तिथेच थांबतं. त्याच्या भरवशावर राहिलं तर दर महिन्याचं बिल मीटर बसवल्याच्या दिवसापासूनचं येईल. काकांनी वेगळी युक्ती काढली : याच फ्लॅटच्या, आजच्या आधीच्या तारखांतली सर्वांत अलीकडची तारीख मॅक्सइफ्सने शोधायची आणि त्या तारखेचं रीडिंग समइफ्सने उचलायचं. आता ओळी कुणी कशाही फिरवा. एवढं करून त्या रात्री काकांनी दुसऱ्यांदा खीर घेतली, असं काकू सांगतात.

पण समइफ्स बेरीज करतं, हे वॉचमनला कुठून कळणार? त्याने एकाच दिवशी एका फ्लॅटचं रीडिंग दोनदा लिहिलं. पुढच्या महिन्यात मागचं रीडिंग दुप्पट धरलं गेलं, वापर उणे आला आणि सोसायटीच त्या सभासदाला पाणी देणं लागते असा हिशेब निघाला. सभासदाने तो मान्यही केला.

तेव्हापासून काका आकड्यांपेक्षा माणसांवर जास्त लक्ष ठेवतात. 'बी-304' च्या पुढे कुणी चुकून एक मोकळी जागा टंकली की एक्सेलच्या लेखी ते नवंच बिऱ्हाड, त्याला ना मागचं ना पुढचं. तीन एप्रिलला अमेरिकन वळणाचा संगणक चार मार्च वाचतो आणि गटातला क्रम उलटापालटा होतो. तेरा एप्रिल मात्र तो तारीख म्हणून घेतच नाही, कारण तेरावा महिना त्याला ठाऊक नाही. "आपल्याकडे अधिक मास असतो," काका त्याला ऐकवतात.

त्यांचा हिंजवडीत नोकरी करणारा पुतण्या एकदा आला. म्हणाला, "काका, आमच्याकडे हे एका ओळीचं काम आहे. लॅग लावायचं, पार्टिशन बाय फ्लॅट, ऑर्डर बाय तारीख. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2012 पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये 2018 च्या आठव्या आवृत्तीपासून. पांडाज वापरलंत तर ग्रुपबाय करून शिफ्ट." काकांनी शांतपणे विचारलं, "आणि गटातल्या पहिल्या ओळीला मागचं कुठून आणता?"

"तिथे नल येतो."

"नळ तर सगळ्यांकडेच आहेत!"

पुतण्या म्हणाला, हवं तर तिथे शून्य धरायला सांगता येतं. काकांचा चेहरा पडला. शून्य धरलं तर जुन्या मीटरवर आधीच चढलेला अख्खा आकडा पहिल्याच बिलात सभासदाच्या बोकांडी बसणार. मग काकांची सरबत्ती सुरू झाली. मीटर बदलला आणि नवा शून्यापासून सुरू झाला तर? म्हणजे गट फ्लॅटचा नव्हे, मीटरचा धरायला हवा. फ्लॅट विकला गेला, तर मधल्या महिन्याचं रीडिंग कुणाच्या खात्यात? बी-702 वाले मुलीकडे अमेरिकेला गेले, कुलपामुळे तीन महिने रीडिंगच झालं नाही. मग मागची ओळ म्हणजे मागचा महिना कसा? पुतण्या चहा न घेता गेला. बी-702 चं रीडिंग पुढे झालं तेव्हा बंद घरात अठरा हजार लिटर पाणी गेलेलं निघालं. फ्लशची टाकी गळत होती. काकांनी ते अमेरिकेला कळवलं. तिथे तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

या विद्येत काकांना हरवणारं माणूस घरातच आहे. काकूंकडे आहेराची वही आहे. लग्नाचं आमंत्रण आलं की कुणी, कुठल्या कार्याला, काय दिलं होतं, हे त्या वही न उघडता सांगतात. नागपूरच्या आत्यांनी मुंजीला दिलेलं वेगळं, वास्तुशांतीला दिलेलं वेगळं; त्यातलं शेवटचं कोणतं आणि त्यानंतर सोनं कितीने चढलं, याचाही हिशेब त्यात असतो. पहिली ओळ आली तरी त्या अडत नाहीत : नव्या सुनेच्या माहेरचे असले तर पाचशे एक, पुढचं त्यांचं बघून. काकांनी ही वही एक्सेलमध्ये घालायची तयारी दाखवली होती. काकू म्हणाल्या, "नको. तुमच्या फाइली सगळे उघडतात."

सभासदांना मात्र काका अजून पटलेले नाहीत. "303 ला एवढं कमी आणि आम्हाला एवढं जास्त का?" हा प्रश्न दर सभेत येतो. काका त्या माणसाची गेल्या वर्षाची बारा रीडिंगं त्याच्यासमोर ठेवतात. तो ती बाजूला सारतो आणि पुन्हा 303 चा कागद मागतो. स्वतःचं मागचं बघायला कुणालाच नको असतं, शेजाऱ्याचं चालू रीडिंग हवं असतं. काकांच्या सूत्रांना एवढं एक अजून जमलेलं नाही.

दर सप्टेंबरच्या वार्षिक सभेत काका राजीनामा पुढे करतात. लॅपटॉप टेबलावर ठेवून सांगतात, "आता तरुणांनी घ्यावं." तरुण मोबाइल काढतात. अध्यक्ष घसा खाकरतात. मग सेक्रेटरी इतिवृत्त लिहायला घेतात आणि खजिनदार या पदापुढे, वरच्या ओळीकडे ढुंकूनही न बघता, लिहितात : मागीलप्रमाणे.