फॉरमॅटवाला भाऊ

कॉम्प्युटर हळू चालो, मधेच अडको, नाहीतर नुसताच धूळ खात पडलेला असो. निदान एकच आणि औषधही एकच. "फॉरमॅट मारा लागते जी." सौंदडला हायवेलगत झेरॉक्स, लॅमिनेशन आणि रिचार्ज अशा पाटीखाली बसलेल्या या गृहस्थाला सगळे नुसते भाऊ म्हणतात. गिऱ्हाईक मोटरसायकलवर, मागच्याच्या मांडीत, तान्ह्या लेकरासारखा दुपट्ट्यात गुंडाळून सीपीयू आणतं. भाऊ दुपट्टा बाजूला करतो, झाकण उघडतो आणि आत जोरात फुंकर मारतो. निम्मं बिल या फुंकरीचं असतं.

मग किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह निघतो. पडद्यावर करारनामा येतो. सातबाऱ्यावरच्या एका ओळीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वतीनं भाऊ तो अख्खा करारनामा पापणी लवायच्या आत मान्य करून टाकतो. त्याआधीच्या खिडकीत पंचवीस अक्षरांची की मागतात, पाच-पाचच्या पाच गटांत. तिच्याखाली बारीक अक्षरांत 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' असं लिहिलेलं असतं. भाऊच्या दिवसभराच्या व्यवहारातलं हे एकमेव शंभर टक्के खरं वाक्य, आणि तेही तो बोलत नाही, नुसतं क्लिक करतो.

"भाऊ, ओरिजिनल टाकजा बरं."

"ओरिजिनलच आहे जी. फक्त लायसन नाही."

काही दिवसांनी उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिवेट विंडोज' उमटतं. पडद्याचं चित्र बदलायची सेटिंगही बंद असते, पण भाऊला आडवाट ठाऊक आहे: फोटोवरच राइट क्लिक करायचं आणि बॅकग्राउंड लावायचं. तो गणपती लावून देतो. सूचना जाते थोडीच. ती बाप्पाच्या उंदराशेजारी तशीच राहते आणि गिऱ्हाईक तिला कंपनीचा शिक्का समजतं.

टाइम झोनशी मात्र भाऊ थांबतो. 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' ही ओळ त्याला मनापासून आवडते. "मुंबई-कोलकाता तं आपल्याच रोडवर आहेत जी. बल्लारशाची गाडी धरली का चेन्नई. दिल्लीले तसंही कोन जाते?" (मुंबई-कोलकात्याचंही पूर्वी जमत नव्हतं. कोलकात्यानं १९४८ पर्यंत आणि मुंबईनं १९५५ पर्यंत आपापली वेगळी वेळ चालवली. मुंबईचं घड्याळ देशाच्या ३९ मिनिटं मागं असे. भाऊच्या यादीत आता दोघी गुण्यागोविंदानं एका ओळीत बसल्यात.) कुणी शहाणा सुचवतो, सी-डॅकचं बॉस लिनक्स टाका, फुकट आहे, लायसनची भानगडच नाही. भाऊ नाक मुरडतो. लिनक्सच्या यादीत भारताच्या नावानं एकटं कोलकाता. "मंग मुंबईवाल्यानं कोठं जावं जी?" खरी धास्ती वेगळीच असते: अंगठ्याचं मशीन त्यावर चाललं नाही तर?

पण धानाच्या नोंदणीचे दिवस आले, दुकानात सीपीयूंची रांग लागली, की ही तब्येतीची निवड राहूनच जाते. देश विचारतात तिथे आधीच असलेलं 'युनायटेड स्टेट्स' भाऊ तसंच पुढे ढकलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सेवा केंद्रावरून फोन. कॉम्प्युटरात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेत. पावतीवर कालची तारीख उमटतेय, आणि काल तर शेतकरी आलाच नव्हता.

"घड्याळ हातानं समोर घ्या," भाऊ फोनवरून सांगतो. ते घेतात. इंटरनेट आपल्या परीनं वेळ जुळवतं आणि केंद्र पुन्हा कॅलिफोर्नियात. असं दोनदा झाल्यावर भाऊ स्वतः गाडीला किक मारून येतो, यादी उघडतो, साडेपाच तासांच्या ओळीवर जातो. बोलण्याच्या नादात माऊस एक ओळ खाली घसरतो आणि 'श्री जयवर्धनेपुरा'वर बसतो. वेळ तंतोतंत जुळते. श्रीलंकेची वेळ आपलीच असल्यानं ही चूक जन्मात पकडली जात नाही. केंद्रावरचं एक पोरगं तेवढं नाव वाचतं.

"हे जयवर्धनेपुरा कोठं आलं भाऊ?"

"देवरीच्या समोर," भाऊ सांगतो आणि पैसे मोजून घेतो.