वेलीच्या वयाचा दाखला

एसटीत ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट हवं असेल, तर पासष्टी गाठल्याचा पुरावा कंडक्टरला दाखवावा लागतो. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या द्राक्षवेलींना हा जाच नाही. वाइनच्या बाटलीवर 'व्हिएय व्हीन्य', म्हणजे 'जुन्या वेली', असं छापायला वेलीचं वय किती असावं, हे फ्रेंच कायदा सांगतच नाही. तिशीतली वेलही म्हातारी आणि नव्वदीतलीही. भाव मात्र दोघींचा चढा. मग चाखणारा घोट तोंडात घोळवतो, ओल्या पाचोळ्याचा वास आला की डोळे मिटतो आणि म्हणतो, "वय जाणवतं हो!" मला वाटतं, इथे गाडी उलटी जुंपली आहे. वयामुळे वेल चांगली होते त्यापेक्षा चांगल्या वेलीलाच वय लाभतं, हे अधिक खरं असावं. शेतकरी भावुक होऊन बाग राखत नाही. जागा हलकी, द्राक्ष पचपचीत, की वेल उपटली. उरतात त्या मुळात नशीबवान जागेतल्या, आणि त्यांचं सगळं श्रेय वयाच्या खात्यावर जमा होतं.

जाणकार म्हणतील, जुन्या वेलीला घड कमी, मणी बारीक, म्हणून रस दाट. मान्य. पण घड छाटणीने आणि विरळणीनेही कमी करता येतात. आणि म्हातारीचे बारके मणी कित्येकदा अनुभवातून नव्हे, तर अंगात मुरलेल्या विषाणूतून आलेले असतात. जुन्या बागेत पिनो न्वार या बर्गंडीच्या लाल वाइनच्या द्राक्षाच्या नाना काड्यांची सरमिसळ असते, हा आक्षेप जास्त वजनदार. पण तो जातीचा गुण झाला. तीच काडी आज नव्या खुंटावर बांधा, गुण येईलच. दुष्काळी उन्हाळ्यात खोल मुळं तारतात, एवढं मात्र मी निमूट कबूल करतो. आता १९७६ ची पॅरिसमधली वाइनची चाचणी बघा. फ्रेंच परीक्षकांनी नाव न बघता ज्या रेड वाइनला पहिला नंबर दिला, ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅग्स लीपची १९७३ ची. तिच्या वेली लावल्या होत्या १९७० मध्ये! भक्त म्हणतील, ते काबेर्ने द्राक्ष, आमचं पिनो नाजूक. असेल. पण बर्गंडीतल्याच रोमाने-काँती या नामांकित बागेच्या मालकांनीच फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीतून वाचलेल्या, बिनकलमी, पूज्य वेली १९४५ च्या सुगीनंतर उपटून टाकल्या. कारण साधं होतं: पीकच येईना.

वयाचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवणारेही आहेत. बर्गंडीतल्या शांबोल-म्युझिन्यी गावचं कोंत जॉर्ज द व्होग्युए हे घराणं पंचविशीच्या आतल्या वेलींची रेड वाइन 'म्युझिन्यी' या बड्या बागेच्या नावाने विकतच नाही, खालच्या पायरीवर ठेवतं. पांढऱ्या म्युझिन्यीची बाग नव्याने लावल्यावर तर त्यांनी वीसेक वर्षं लेबलवर नुसतं 'बूर्गोन्य ब्लाँ', म्हणजे 'पांढरी बर्गंडी', छापलं. २०१५ च्या सुगीपासून जुनं नाव परत आलं. मधल्या काळात त्या कोवळ्या वेलींच्या, साध्या नावाच्या बाटलीला रसिकांनी मोजलेली किंमत मात्र मुळीच साधी नव्हती.