मोताळ्याचा सूर्य

मुंबईच्या आधी मोताळ्याला मिळते अशी वस्तू एकच, सूर्य. मोताळा मुंबईच्या सव्वातीन अंश पूर्वेला आहे. पृथ्वी एक अंश फिरायला 4 मिनिटं घेते, म्हणजे सूर्य साधारण 13 मिनिटं आधी आमच्याकडे हजेरी लावतो. भिंतीवरच्या कॅलेंडरला मात्र हे मान्य नाही. त्यात मुंबईचा सूर्योदय छापलेला असतो आणि तालुक्याने तोच गोड मानून घ्यायचा असतो.

म्हणून मी लिनक्सवर 'सनवेट' नावाचा फुकटचा प्रोग्रॅम बसवला. काळ्या पडद्यावर 20.68 उत्तर, 76.21 पूर्व असं टाइप करून एंटर मारलं, की दोन वेळा हजर. 21 डिसेंबरला सकाळी 6:57 आणि संध्याकाळी 5:49. ठिकाण सांगितलं नाही, तर हा गडी आपल्याला थेट इंग्लंडातल्या बिंगहॅम गावात नेऊन उभं करतो. तिथला डिसेंबरातला सूर्य आपल्या घड्याळाने दुपारी पावणेदोनला उगवतो. आमच्या पुतण्याला हे गाव फार पसंत पडलं. उठायची वेळ तिथलीच ठेवा म्हणतो.

तसं आपलं घड्याळ तरी कुठे आपलं? देशाची वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेली. तिथे सूर्य माथ्यावर आल्यावर 25 मिनिटांनी आमच्या माथ्यावर. मुंबईने 1955 पर्यंत 39 मिनिटं मागची स्वतःची वेळ चालवून घेतली. मोताळ्याने मागितली असती, तर अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर चहाच्या कपाखाली असता.

सनवेटचा खरा गुण थांबण्यात आहे. सूर्य मावळेपर्यंत तो गप्प बसतो आणि मगच पुढची कमांड सोडतो. त्याच्यावर मी अंगणातला बल्ब सोपवला. आई तुळशीपाशी दिवा घेऊन उभी होती.

"सूर्य मावयला का नाई, हे या डब्याले इचारतं?"

मी समजावलं, "आई, मावळताना सूर्य दिसतो तेव्हा तो खरा क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेत किरण वाकतात, म्हणून वर दिसतो. प्रोग्रॅम तेही धरून हिशोब करतो."

"म्हंजे डोये खोटे अन् डबा खरा!"

पण मुंबईचा सूर्य उशिरा मावळतो, हे तिने बरोब्बर उचललं. आता बल्ब लागला की ती डोंबिवलीच्या मावशीला फोन लावते, "निंघाला व आमच्याकून. पाव घंट्यात पोचते तुह्याकडे!"