गिरडले ठेसन पायजे

आमच्या घरात ‘भूसंपादन’ हा शब्द मी आणला आणि त्याला पहिला विरोधही घरातूनच झाला. मला सपरीची एक बाजू हवी होती. दहा फूट लांब, अडीच फूट रुंद. त्या पट्ट्यात दिवाण, गव्हाची कोठी आणि सौ.ची शिलाई मशीन असे तीन जुने खातेदार नांदत होते.

“प्रकल्प कशाचा?” सौ.

“रेल्वेचा.”

“मोबदला किती?”

कास्तकाराची लेक आहे. सातबारा अक्षरओळखीच्या आधी शिकली.

समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गिरड शेख फरीदबाबांच्या दर्ग्यामुळे आणि त्याच्या टेकडीमुळे सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. रेल्वेला तेवढं ठाऊक नाही. गाडी पाहायची तर हिंगणघाटला जावं लागतं. अशा गावात राहून मी निवृत्तीनंतर छोट्या रेल्वेच्या नादी लागलो. त्याचं खापर पुण्यावर फोडतो. तिथे कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ साली लोकांसाठी खुलं झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, सर्कस आहे, रोपवे आहे, मधेच रात्र होऊन दिवे लागतात. बाकीची माणसं टाळ्या वाजवून घरी गेली. मी मात्र माप विचारत बसलो.

संग्रहालयातलं ते छोटं शहर काल्पनिक. मला लाईन हवी होती ती खरी, आपल्या जिल्ह्यातली. आता कोणती, हा प्रश्न.

वर्धा–बल्लारशा ही दिल्ली–चेन्नईची वाट, हिंगणघाटवरून जाणारी. मान मोठा, पण गाडीही मोठी. छंदातलं सर्वांत चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, एकास सत्त्याऐंशी. नव्या धाटणीचा साडेतेवीस मीटरचा डबा त्यात सत्तावीस सेंटिमीटरचा होतो. असे बावीस डबे जोडले की गाडी जवळपास सहा मीटर भरते. म्हणजे इंजिन सपरीत आलं तरी गार्ड अंगणात, तुळशीपाशी. दुसरी नागपूर–नागभीड, उमरेडवरून जाणारी. ती आम्हाला जवळची, छोटी लाईनही होती, पण २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद पडली. तिसरी पुलगाव–आर्वी, पस्तीस किलोमीटरची आपली शकुंतला. कापूस वाहायला १९१७ च्या सुमारास टाकलेली, अडीच फुटी रुळांची, आता तीही बंद.

सौ.चं माहेर आर्वी. लाईन कोणत्या गावाला न्यायची हे जगभर जसं ठरतं तसंच आमच्याकडे ठरलं. दिवाण त्याच संध्याकाळी हलला.

मग मी गणिताला बसलो, आणि शकुंतलेचं नशीब पहिल्यांदाच फळफळलं. बाजारात एचओचे रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या लाईनला ते चपखल बसतात. आपली मोठी लाईन १६७६ ची. म्हणजे मुंबई–हावडा मार्गाला पुलगावच्या स्टेशनात नऊ इंचांहून अधिक मापात मार बसतो. उलट छोटी लाईन ७६२ मिलिमीटरची. तिला हवेत पावणेनऊ मिलिमीटर, आणि एचओहून लहान एन-स्केलचे तयार रूळ आहेत बरोब्बर नऊचे! आयुष्यभर मोठ्या गाडीची वाट पाहत उभी राहिलेली शकुंतला माझ्या फळीवर अस्सल आणि मेल गाड्या मापात हुकलेल्या. इंजिनाचं धूड मी पुठ्ठ्याचं करणार. यवतमाळ–मूर्तिजापूरच्या शकुंतलेवर मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. तेवढं आयुष्य पुठ्ठ्याकडून मी मागत नाही.

खरी पंचाईत लांबीची. पस्तीस किलोमीटरला सत्त्याऐंशीने भागलं तरी चारशे मीटर उरतात. रूळ सपरीतून निघून रस्ता ओलांडून कुणाच्या तरी तुरीत शिरतील. आणि माझ्या दहा फुटांत खऱ्या जमिनीवरचे जेमतेम दोनशे पासष्ट मीटर मावतात. तेवढ्यात पुलगावचा फलाटसुद्धा संपत नाही. म्हणून या छंदातले जाणते सांगतात की सगळं घेऊ नका, ओळख पटेल तेवढंच घ्या. मी पुलगाव ठेवलं, कारण तिथे छोट्या गाडीतल्या कापसाच्या गाठी मोठ्या गाडीत चढतात. आजची गाठ एकशे सत्तर किलोची, माझ्याकडे ती वाटाण्याहून थोडी मोठी. आर्वी ठेवणं भागच होतं. मधे विरूळ आणि रोहणा यांच्यातलं एकच बसत होतं. मी पेन्सिलीने विरूळ खोडलं. एका रेघेत गाव गेलं. साहेबलोकांना नकाशावर इतकं बरं का वाटत असे, ते तेव्हा कळलं.

बातमी गावात गेली आणि शिष्टमंडळं सुरू झाली.

“मास्तर, विरूळ कावून काढलं? माही बहीण हाय तिथं.”

“जागा नाही हो.”

“आर्वीले बरी जागा भेटली!”

यावर सौ. चहाचा ट्रे घेऊन आली आणि विषय बदलला.

दुसऱ्याने टेकडीची मागणी केली. टेकडी नसेल तर ते गिरडचं कामच नाही म्हणे. मी सांगितलं, ही लाईन गिरडची नाही. तो म्हणाला, पण सपरी गिरडची हाय ना? टेकडीवर गोल गोल खडे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ आणि बाकीचा माल बाबांनी दगड करून टाकला, त्याचे ते, अशी कथा. भूगर्भवाले त्यांना झिओलाइट म्हणतात. रुळांखाली खडी म्हणून ते वापरावेत असं मला मनात आलं होतं, पण तोंडातून काढलं नाही. तरी शेजारचे मामाजी जाता जाता म्हणालेच, “मालगाडीत नारळ नोको भरजा, मास्तर. इथं ते पचत नाई.”

मामाजी ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी कापसाच्या हंगामात आर्वी लाईनने फिरलेले, म्हणून मी त्यांना सल्लागार नेमलं. त्यांनी पहिला प्रश्न वेळेचा टाकला. ताशी वीस किलोमीटर धरले तर एकास सत्त्याऐंशीत गाडी सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरही सरकत नाही. तरी दहा फूट पाऊण मिनिटात संपतात.

“पाऊन मिंटात आर्वी?” मामाजी दुखावले. “इतकी घाई कोनाले होती? रोयन्याले च्या प्याले उतरलो, त पुन्यांदा चढूनच बसत जाओ.”

थांबे वाढले. पाण्याची टाकी आली, बैलगाडीसाठी फाटक आलं, रोहण्याला चहाची टपरी आली. वेळापत्रक लांबलं आणि लाईन तेवढ्याच फळीवर लांब वाटू लागली. पण मामाजींची मूळ मागणी तशीच होती आणि ती ते रोज नेमाने मांडत: “गिरडले ठेसन पायजे.”

आता हे तत्त्वात बसेना. खरी लाईन म्हणजे खरी. पुलगाव–आर्वीच्या मधे गिरड आणायचं तर जिल्हा दुमडावा लागतो. शेवटी रेल्वेच्याच जुन्या रिवाजाने मला हात दिला. जिथे रूळ नसत अशा गावी रेल्वे आउट एजन्सी नेमत असे. गावातच तिकीट फाडा, माल नोंदवा, तिथून मोटारीने स्टेशनवर. तत्त्व शाबूत, गावाचा मानही शाबूत. फळीच्या कोपऱ्यात मी टेकडी काढली, तिच्या पायथ्याशी कौलारू खोली, तिकिटाची खिडकी, ‘गिरड’ अशी पाटी आणि दारात वाट पाहत उभी असलेली तांबडी मोटार.

नकाशा घेऊन मामाजींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीवर बोट ठेवलं, पाटी वाचली, समाधानाने मान हलवली. मग बोट हळूहळू मोटारीवर आलं.

“म्हंजे यष्टीच न, बाप्पा!”