मेंढीची मच्छरदाणी

पत्रक निघालं आहे. कुणी काढलं ते विचारू नये. पत्रकाला बाप नसतो, जावक क्रमांक असतो. पाऊस उलगडतो, नांदेड-लातूरच्या शिवारात चिखल आणि चिलटं दोन्ही माजतात, मेंढरांची तोंडं सुजतात, नाकावर खपल्या धरतात, चार-दोन लंगडायला लागतात, की मग ते निघतं. निळ्या जिभेच्या रोगापासून मेंढरं कशी वाचवावीत, यावर त्यात दहा सूचना आहेत. नऊ सोडून देऊ. सहावी मात्र चौकटीत बसवून भिंतीला लावावी अशी आहे : सायंकाळपासून सकाळपर्यंत मेंढ्या बंदिस्त जागी ठेवाव्यात आणि मच्छरदाणी वापरावी.

मच्छरदाणी. मेंढीला.

सूचना शास्त्राला धरून आहे, याबद्दल वाद नाही. या रोगाचा विषाणू एका मेंढीला खेटून उभ्या राहिलेल्या दुसरीला लागत नाही. क्युलिकॉइड्स जातीचं चिलट आजारी जनावराचं रक्त पितं आणि पुढच्याला चावून रोग पोचता करतं. त्याचा धंदा मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चालतो, तेव्हा मेंढी आडोशाला हवी हे बरोबरच. फक्त पत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढची मेंढी टू बीएचकेत राहणारी असावी. कंधार-अहमदपूरकडची मेंढी रात्री कुणाच्या तरी मोकळ्या रानात बसते. तिच्या लेंड्या रानात पडाव्यात म्हणूनच शेतकरी खांडवं बसवून घेतो आणि मेंढपाळाला ज्वारी नाहीतर पैसे देतो. तिला रात्रभर कोंडलं तर लेंड्या पडणार गोठ्यात. मग शेतकरी ज्वारी देणार ती कशाची?

पण समजा, ठरवलंच. दोनशे मेंढरांच्या खांडव्याला मच्छरदाण्या किती? डबल बेडच्या एका मच्छरदाणीत दाटीवाटीनं पाच धरल्या तरी चाळीस. चाळिसांच्या दोऱ्या एकशेसाठ, आणि त्या बांधायच्या कशाला, बाभळीला? बाभळीला बांधलेली मच्छरदाणी सकाळपर्यंत मच्छरदाणी राहिली तर कळवा. कडा गादीखाली खोचायच्या असतात. इथं गादी नाही, म्हणजे रोज रात्री मेंढ्याला विनवायचं, बाबा रे, जरा कूस बदल. खांडव्यात दहा-पाच शेळ्या असतातच, त्या आपापली मच्छरदाणी पहाटेच्या आत खाऊन टाकतील. यातून एकच निघेल, योजना. तिच्या नावात ‘संजीवनी’ येईल. निविदा निघेल, मच्छरदाण्या एकाच मापाच्या येतील, त्याही गुलाबी. अर्जासोबत सातबारा जोडावा लागेल, म्हणजे ज्याला रानच नाही त्यानं रानाचा उतारा आणायचा. लाभार्थ्यानं मेंढीसह मच्छरदाणीत बसून फोटो काढायचा आणि अपलोड करायचा. ओटीपी येईल तेव्हा हा माळावर असेल, माळावर नेट नसेल, आणि नेट नाही म्हणून नेट मिळणार नाही. वर्षअखेरीला उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झालेलं असेल. एवढं सगळं पार पडल्यावर एक बारीकशी अडचण उरते. क्युलिकॉइड्सची लांबी एक ते तीन मिलिमीटर. डासासाठी विणलेल्या साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ते बिनदिक्कत आत जातं, पोटभर पितं, बाहेर येतं. आत अडकते ती मेंढी.

जाळी धनगराला नवीन नाही. खुंट्या ठोकून खांडव्याभोवती दोरीची वाघूर लावणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. ती लांडग्यासाठी आहे. लांडगा दिसतो, त्याच्यासाठी कुत्रं पाळता येतं. चिलटासाठी लस लागते.

आणि नुसत्या मेंढीला झाकून भागतं कुठं? शेजारच्या दावणीला देवणी बैल, नाहीतर लाल कंधारी गाय. गाई-बैलांत हा विषाणू बहुतेक वेळा काहीच लक्षण न दाखवता कित्येक आठवडे रक्तात राहतो. जनावर वैरण खातंय, रवंथ करतंय आणि चिलटांना माल पुरवतंय. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात त्याचे दात पाहतील, शिंगं पाहतील, चाल पाहतील. रक्त कुणी पाहत नाही.

आता चेष्टा पुरे. भारतात या रोगाची पहिली नोंद झाली 1964 साली, आणि ती आपल्याच महाराष्ट्रात. दक्षिण आफ्रिकेत त्यावरची लस त्याच्या अर्धशतक आधीपासून टोचली जात होती. आपली देशी लस बाजारात आली 2015 साली. एक्कावन्न वर्षं! 2006 च्या ऑगस्टमध्ये हाच रोग उत्तर युरोपात पोचला, आणि 2008 मध्ये तिथं लाखो जनावरांना लस टोचली जात होती. 2023 मध्ये नेदरलँड्समध्ये विषाणूचा वेगळा प्रकार उपटला, तर पुढच्या वर्षीच त्यावरची लस वापरात आली. तिथल्या मेंढीची जीभ जास्त निळी होती काय? तिथल्या मेंढीचा मालक सापडत होता, एवढंच. आमचा मेंढपाळ यादी करायला माणूस येतो तेव्हा गावात नसतो, आणि जो गावात नसतो तो कशातच नसतो. बरं, रक्ताचे नमुने घ्यायला मात्र त्याला बरोबर गाठलं जातं. नमुना जातो, निबंध होतो, निबंधावर पदव्या होतात, परिषदेत चहा होतो. निकाल मेंढपाळाकडं परत येत नाही. मेंढरांनी विज्ञानाला दिलेलं रक्त आणि त्या बदल्यात मेंढरांपर्यंत पोचलेली लस, यांचा ताळेबंद एकदा कुणीतरी मांडावा.

संशोधन नको असं कुणी म्हणत नाही. या विषाणूचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत. देशी लसीत पाच आहेत : 1, 2, 10, 16 आणि 23. एका प्रकारावरची लस दुसऱ्याला नीट अडवत नाही, म्हणून या शिवारात कोणता फिरतोय हे सतत तपासत राहावंच लागेल. पण तपासलं की सांगा. आणि लसीचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणजे ती पावसाळ्याआधी टोचायची असते. तोंडं सुजल्यावर निघणाऱ्या पत्रकानं छापखान्याचं तेवढं भलं होतं. खांडवं कुठल्या रानात बसलंय हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, लांडग्याला असतं, चिलटाला तर असतंच. टोचणाऱ्यांनीही विचारत विचारत यावं. मृग लागायच्या आत, बर्फाच्या पेटीसकट, थेट वाड्यावर या. सहावी सूचना आम्ही आमची बघून घेऊ.