दिंडोशीकराचे जलावतरण

मालवणच्या पाण्याखालील प्रवाळांवर दर हंगामात कोणती आपत्ती ओढवते, हे समजून घ्यायचे तर मुंबईच्या दिंडोशी भागातून तेथे जाणाऱ्या पर्यटकाची थोडी चिकित्सा करावी लागते. महामार्गावरचे खड्डे रात्रभर सोसून, सुमारे ५०० किलोमीटरांवरच्या त्या बंदरावर तो सकाळी उतरतो, तेव्हा लोकलने बाणवलेली एक सवय त्याच्या अंगी पुरती मुरलेली असते : तोल जाऊ लागला की हाताला लागेल ते धरायचे आणि टेकायला जागा दिसली की पाय रोवायचा.

कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात उभारलेल्या सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत आणि कपारींत हे प्रवाळ वाढतात, व या परिसराला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. प्रवाळ दगडासारखे दिसत असले, तरी ती पॉलिप नावाच्या इवल्या, मऊ जीवांची वसाहत असते. हे जीव चुन्याचे घर बांधतात आणि त्यांच्या शरीरात मुक्कामाला असलेली सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यांना अन्न पुरवतात. गोलसर घडणीच्या कित्येक जाती वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढतात. उपनगरातला पुनर्विकास अनुभवलेल्यांना ही गती फारशी मंद वाटू नये.

पाण्याखाली इजा करायला स्पर्शच लागतो असे नाही : मेक्सिकोतील युकातानच्या जलमय गुहांत पाणबुड्याच्या उच्छ्वासाचे बुडबुडेही छताच्या नाजूक चुनखडीला इजा करू शकतात. मालवणच्या कपारींना तसे छत नसले, तरी पायाला बांधलेल्या वल्ह्यांच्या फटकाऱ्याने उडालेला गाळ पॉलिपांवर बसतो आणि त्यांची घुसमट होते. “खंयच हात लावू नकात, ता जिवंत आसा,” असे वाटाड्या होडीतच बजावतो व पर्यटकही गंभीरपणे मान डोलावतो.

स्नॉर्केलिंग म्हणजे चेहरा पाण्यात ठेवून, पाण्याबाहेर निघणाऱ्या नळीतून तोंडाने श्वास घेत तरंगणे. नाक मुखवट्यात आणि तोंड नळीत अडकल्यामुळे दिंडोशीकराला इतरांना सल्ला देता येत नाही, ही या क्रीडाप्रकाराची मोलाची बाजू म्हणावी लागेल. जीवरक्षक जाकीट त्याला बुडू देत नाही. तरीही लाट आली की तो पाय खाली सोडून चाचपतो आणि नेमका प्रवाळावर उभा राहतो.

पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन खाली उतरण्याच्या स्कूबा प्रकारात वाटाड्या त्याला मागून धरून नेत असल्याने ही उभे राहण्याची सोय संपते आणि संभाषण खुणांवर येते. अंगठा व तर्जनी जोडून केलेले वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’, तर वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. पट्टेरी माशांचा थवा समोर येताच दिंडोशीकर कॅमेऱ्याकडे पाहून उत्साहाने अंगठा उंचावतो, वाटाड्या त्याला तत्परतेने पृष्ठभागावर आणतो, आणि तोंडातली नळी निघताक्षणी, पैसे पूर्ण वेळेचे घेतले आहेत, हा मुद्दा दिंडोशीकर सविस्तर मांडू लागतो.